राघूने मान झटकली

मेलेल्यांना भेटण्यासाठी जिवंतांनी सकाळपासून रांग लावली होती. ताडकळसच्या बाजाराला आलेल्या बायका भाजीच्या पिशव्यांसकट रांगेत शिरत होत्या. झरीहून, चुडाव्याहून मोटारसायकली येत आणि फुटलेल्या कापसाच्या कडेला उभ्या राहत. माणसे चपला काढून बन्सीधररावांच्या आखाड्याकडे अशा हलक्या पावलांनी चालत, जणू त्या जमिनीखाली कुणी नुकतेच झोपी गेले आहे.

आखाडा म्हणजे शेतातले पत्र्याचे घर. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला खताची पोती. त्यातली काही पोती सरकवून गादी टाकली होती आणि गादीवर भेटबाबा बसले होते. पांढरी लुंगी, हिरवी शाल, मनगटावर भारी घड्याळ. ते कुठले, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे एक स्टीलची कळशी असे. कळशीतल्या गुळाच्या पाण्याला तीर्थ म्हणायचे. पेलाभर तीर्थ घ्यायचे, सतरंजीवर डोळे मिटून पडायचे, आणि काही वेळाने आपले मेलेले माणूस भेटायला येई.

"मौत म्हंजे फकत परदा हाय," बाबा सांगत. "फोन लागत न्हाई म्हून माणूस मेलं का? न्हाई. टावर बदलला. हे तीर्थ म्हंजे त्या टावरचं सिम."

"अन् रिचार्ज?" रांगेतून कोणी तरी विचारले.

"ते बन्सीधररावांकडं द्या."

लोक हसले. हसणाऱ्यांनीही दिला.

सर्वांत भयंकर गोष्ट ही की मेलेले खरोखर येत. बन्सीधररावांच्या आई, कुसुमबाई, आपल्या दिवंगत नवऱ्याला सतरंजीवर पडल्या पडल्या तासभर रागावल्या आणि उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता. ज्यांना काहीच दिसत नसे त्यांना बाबा सांगत, "तुमचं माणूस रुसलंय." आणि ज्यांना भलतेच दिसे त्यांच्यासाठी बाबांकडे दुसरे उत्तर होते. सिताराम आजोबा किंचाळत कापसात पळाले. बापाच्या तोंडातून मुंग्या येतायत, असे ते ओरडत होते. बाबा शांतपणे म्हणाले, "बापाला उपाशी मारलं व्हतं का रं, म्हाताऱ्या?" खरे-खोटे कोणी विचारले नाही. त्या दिवसापासून आजोबांचे ताट त्यांची सून उंबऱ्याबाहेर सरकवू लागली, आणि गल्लीतली पोरे त्यांना पाहून "मुंग्या, मुंग्या" म्हणत ढेकळे मारू लागली.

त्या रांगेत माझी माय होती.

मी परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझा आवाज इतका खाली असतो की शेवटच्या बाकावर फक्त खडूचा आवाज पोहोचतो. घर इथेच, गावात. घरी मी आणि माय, पंचफुला. गेल्या श्रावणात माझी धाकटी बहीण साक्षी डेंग्यूने गेली. दवाखान्यात माय तिची वेणी घालत होती. एक वेणी झाली होती, दुसरीचे केस हातात होते. त्यानंतर माय फारशी बोलेनाशी झाली. परभणीच्या डॉक्टर राजेश्री यांच्या गोळ्यांनी तिला निदान झोप तरी दिली.

"माय, आपल्या घरात असलं चालत न्हाई," मी तिला म्हणालो होतो. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. मी तिकडे पाहिले, तिने पाहिले नाही.

"काय चालतं अन् काय न्हाई, मला नको सांगू, सिद्धू. काल बाबाचं ऐकाया बन्सीधररावाच्या सतरंजीवर मी बसले. कुसुमबाईच्या मांडीला मांडी लावून. एवढ्या उमरीत कवा बसले व्हते?"

"ते बाबाच्या धंद्यासाठी हाय."

"आसंल. बाबा म्हणला, मेलेल्यांला जात नसती. ज्यांला जिवंतपणी हाय त्यांनी कुणी म्हणलं का असं मला?"

खोट्या माणसाच्या तोंडी खरे वाक्य पडते, तेव्हा त्याच्याइतके निर्दय दुसरे काही नसते.

पहिल्या भेटीच्या वेळी मी बैलांजवळ उभा राहून पाहत होतो. मायचे ओठ हलले, मग हात हवेत उचलला गेला, खाली आला, बोटे मिटली. कशावर तरी मिटली. बऱ्याच वेळाने ती उठून बसली.

"आली," ती म्हणाली. "दोन्ही वेण्या घातल्या व्हत्या. लाल रिबीन. हात धरला माझा. ऊन हात."

त्या संध्याकाळी तिने दुसरी भाकरी मागून घेतली. मी, रेणूंच्या आकृत्या काढून पोट भरणारा माणूस, तिला खाताना पाहत राहिलो, आणि भाकरी संपेपर्यंत मला वाटले, असू दे बाबा खरा.

माय मग सेवेला जाऊ लागली. सतरंजीवर सगळे एकत्र बसत. पण भेट संपल्यावर पेले धुवायचे काम मायकडेच आले, कोणी न सांगता, पाणी उताराला जावे तसे. तिच्या मागे राघू जाई. राघू हा बोकड. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली आणि साक्षीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले. ती काही बोलली की तो लगेच ओरडे, म्हणून राघू. पेल्यांतले उरलेले तीर्थ आणि धुवण माय एका घमेल्यात ओती. एके दिवशी राघूने त्या घमेल्यातले बरेचसे पिऊन टाकले.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. देवाला बोकड सोडताना त्याच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडले की देवाने तो घेतला. झाडले नाही तर सुरी उचलायची नाही, वाट पाहायची. ओले जनावर अंग झाडतेच, कुत्रेही झाडते. पण पिढ्यान्‌पिढ्या ह्या झाडण्याला देवाची संमती मानले गेले आहे.

राघूवर कोणी थेंबभर पाणी शिंपडले नव्हते. तरी तो अंगणाच्या मध्यभागी उभा राहून मान झटकू लागला. एकदम, झपाट्याने, कानात पाणी गेल्यासारखी. थांबला. पुन्हा झटकली. पुन्हा.

"आगं माय," कुसुमबाईंनी हात जोडले. "पाणी न शिंपडताच घेतला की."

"असं तर आमच्या आज्याच्या काळात बी न्हाई झालं," बन्सीधरराव म्हणाले.

बाबांनी एक डोळा उघडला. "बोकड कुणाचं?"

"पंचफुलाचं."

"पंचफुलाचं न्हाई. पोरीचं." माय स्वतःच त्यांना सगळे सांगून बसली होती. "पोरीनं मागितलंय ते. अवसेला मोठी भेट. माई, तुला भरून पेला. इस बार पोरगी बोलंल पण. अन् ह्याला कापून कंदुरीचं जेवण."

माय राघूकडे पाहत राहिली. तो अजून मान झटकत होता. "तिचाच हाय," ती म्हणाली. "तिला दिला."

लोक राघूच्या पाया पडू लागले. मी मात्र उंदीर आठवत होतो.

विद्यापीठात असताना आमच्या मार्गदर्शकांनी ट्रिप्टामाइन शिकवले होते. दोन कड्या जोडून झालेली एक चौकट आणि तिच्या एका ठराविक कोपऱ्यावर लोंबणारी एक लहानशी साखळी. आपल्या मेंदूत मनाची भरती-ओहोटी सांभाळणारे सेरोटोनिन याच घराण्यातले. तीच साखळी त्या कोपऱ्यावरून काढून चौकटीतल्या नायट्रोजनलाच अडकवली तर अणू तेवढेच, तेच, पण रेणू दुसरा. त्याला आयसोमर म्हणतात. त्याच्यावर प्रयोगशाळेत आणखी एक-दोन तुकडे चढवले की अशी द्रव्ये तयार होतात जी मेंदूच्या त्याच कुलपात जातात आणि चुकीच्या बाजूने फिरतात. मग माणसाला नसलेले दिसते. यांतली काही जुन्या शोधनिबंधांत पडून होती. अलीकडे ती पुडीतून फिरू लागली आहेत, कारण बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीत त्यांचे नाव शोधत बसावे लागते.

"पण उंदीर सांगू शकत नाही, मला काय दिसतंय," सर म्हणाले होते. "मग कसं ओळखायचं? तो मान झटकतो. कानात पाणी गेल्यासारखी. ज्यानं माणसाला भास होतो, त्यानं उंदीर मान झटकतो."

राघूला मेलेले नातेवाईक नव्हते, असे नाही. पण तो त्यांना भेटायला गेला असेल, असे मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी घमेल्यातले उरलेले धुवण एका बाटलीत घेऊन मी परभणीला डॉक्टर राजेश्रींकडे गेलो आणि घडलेले सारे सांगितले. त्यांनी बाटलीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"आई गोळ्या घेतायत ना रोज?"

"हो. बंद करायला सांगू?"

"उपयोग नाही. त्या लगेच शरीरातून जात नाहीत. शिवाय अचानक बंद केल्या तर वेगळाच त्रास." त्यांनी पेन ठेवले. "हे बघा, गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. त्यावर हे असलं काहीतरी पडलं तर ताप, थरथर, छाती धडधडणं, फिट. पहिल्या वेळी थोडक्यात निभावलं. भरून पेला म्हणालात?"

"भरून."

"मग मोठी भेट होईलही. आई परत येतील की नाही, ते सांगता येणार नाही."

"रिपोर्ट?"

"वेळ लागेल. अमावास्या थांबणार नाही. मी पोलिसांना घेऊन येते, पण आम्ही पोचेपर्यंत तो पेला आईच्या हातात जाता कामा नये. तेवढं तुम्ही करा."

मी घरी मायला सगळे सांगितले. साखळी, चौकट, कुलूप. ती निवडत असलेल्या तुरीवरून नजर न काढता म्हणाली, "तू म्हंतूस ते खरं आसंल. पर ती आली व्हती."

"जिवाला धोका हाय, माय."

"कुणाच्या?" तिने विचारले आणि तुरीतला खडा बाजूला टाकला.

अवसेच्या सकाळी मी तिच्याबरोबर पाणी भरायला आखाड्यावर गेलो. बाबांनी शालीतून पुडी काढली, कळशीत पांढरी भुकटी ओतली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, आणि कडुलिंबाच्या काडीने ढवळले. याला तीर्थ सिद्ध करणे म्हणत. मग ते विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली आंघोळीला गेले. आमची कळशीही तसलीच, स्टीलची. मी तिच्यात गूळ कालवला, ती गादीपुढे ठेवली, आणि सिद्ध झालेली कळशी खताच्या पोत्यांमागे लपवली. उठताना मी पोत्यांपुढे वाकलेलाच होतो. त्या वाकण्यालाही भक्ती समजून एका बाईने मला नमस्कार केला.

दुपारी अंगण भरले. पेले फिरले. मायने भरून पेला घेतला, शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि सतरंजीवर डोळे मिटले.

काही झाले नाही.

"आज अवस हाय," बाबा म्हणाले. "टावरवर गर्दी हाय. धीर धरा."

लोकांनी धीर धरला. एकाला झोप लागली आणि तो घोरू लागला. कुसुमबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "ह्ये कुटं ऱ्हायले आज?"

"बिझी आसतेल, आजी," मागून कोणी तरी म्हणाले.

बाबांनी स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला आणि राघूला पुढे आणायला सांगितले. "पैले जीव जाऊ द्या, मग रस्ता खुलंल." राघूला पेलाभर तीर्थ पाजले. सारे अंगण त्याच्या मानेकडे पाहू लागले. राघूने बाबांच्या गादीवरचा झेंडूचा हार पाहिला, आणि तो खायला सुरुवात केली.

"हालव की रं मान," कुसुमबाई काकुळतीने म्हणाल्या.

"पाणी शिंपडा त्याच्यावर," बाबा घाईने बोलले. "शिंपडा, शिंपडा."

"पाणी कशाला?" कोणी तरी विचारले. तो आवाज माझा होता, हे मला सगळे वळून पाहू लागल्यावर कळले. "पाणी टाकल्यावर कुत्रं बी अंग झाडतं. तुमीच म्हणला व्हता, पाण्याबिगर घेतला. मग आता का न्हाई घेत?"

मी पोत्यांमागून कळशी काढली आणि मध्यभागी ठेवली. "बाबांनी सकाळी सिद्ध केलेलं तीर्थ हे हाय. तुम्ही पेलात तो नुसता गूळ. बाबा, एक पेला तुमी घ्या."

"मला काय गरज? मी तर रोज भेटतो त्यांला."

"मग बन्सीधररावांना देतो."

बन्सीधरराव एक पाऊल मागे सरले. साऱ्या गावाला दर आठवड्याला पाजणारा माणूस एक पाऊल मागे सरला, आणि ते पाऊल सगळ्यांनी पाहिले. "माझ्या बोकडाला द्या," ते म्हणाले.

त्यांचा बोकड गळ्यात घुंगरांची माळ घालून कंदुरीसाठीच आणला होता. त्याने तीर्थ पिऊन पेलाही चाटला.

"बन्सीधररावाचं हाय," मागचा आवाज म्हणाला. "फुकटचं सोडत नसतंय."

मग सगळे त्या बोकडाच्या मानेकडे पाहत बसले. कापसावर ऊन होते. बैल रवंथ करत होते. आणि घुंगरू वाजले. बोकडाने मान झटकली. थांबला. पुन्हा झटकली. घुंगरू वाजत राहिले, आणि या वेळी कोणी हात जोडले नाहीत.

मी बोललो. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा. "ही पुडी कारखान्यात बनते. ही पोटात गेली की डोक्याला नसलेलं दिसतं. कोण दिसणार, ते तुमीच रांगेत बाबाला सांगता, अन् मग तेच दिसतं. ज्याला भीती वाटती त्याला भीती दिसती. सिताराम आज्याच्या बापाच्या तोंडात मुंग्या नव्हत्या. त्या पुडीत व्हत्या."

"मग आमचे मालक?" कुसुमबाईंनी विचारले.

मी मान खाली घातली. तेवढे पुरे झाले.

भक्तीने काढून ठेवलेल्या चपला जवळच होत्या. सर्वांत आधी सितारामांच्या सुनेने एक उचलली, आणि सर्वांत जोराने तिनेच मारली. पाया पडणारे हात तेच होते, पायही तेच. बाबांचे घड्याळ कोणी तरी काढून घेतले. डॉक्टर राजेश्री दोन पोलिसांसह गर्दीत शिरल्या तेव्हा बाबा खताच्या पोत्यांवर पडले होते आणि नाकातून रक्त येत होते.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "मारून काही सिद्ध होत नाही. ती कळशी हलवू नका."

सिताराम आजोबा कुंपणाजवळ बसून हे सर्व पाहत होते. त्यांच्याजवळ जाऊन चुकलो असे कोणी म्हटले नाही. मारणे सोपे होते.

बाबांना जीपमध्ये घातल्यावर बन्सीधरराव माझ्यापाशी आले. "हुशार हायस," ते म्हणाले. "पर तुमच्या लोकांला कुणाचाच देव बघवत न्हाई." मग सतरंजी झटकत ते मायकडे न पाहता बोलले, "पंचफुला, जाताना पेले धुऊन ठेव."

आणि तिने ते धुतले. मी शेजारी बसून धुऊ लागलो, तर तिने माझ्या हातातून पेला काढून घेतला.

आम्ही घरी आलो. राघूला खुंट्याला बांधून तिने विचारले, "आज मी पेले ते पाणी तू बदललंस?"

"हो."

"म्हून ती आली न्हाई."

"माय, ती याआधी बी आली नव्हती."

"दोन्ही वेण्या व्हत्या."

"दुसरी तूच घातलीस. मनात. रोज घालतीस."

"हात धरला माझा. ऊन व्हता."

मला गप्प राहता आले असते. जगातल्या कोणत्याही शास्त्राने मला बोलायला भाग पाडले नव्हते. पण पुढच्या बाबाची गाडी कधी तरी कापसाच्या कडेला येऊन उभी राहणारच होती.

"तो हात तुझाच व्हता, माय. एका हातानं दुसरा धरला व्हतास. मी बघितलं."

तिने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग उठून चूल पेटवली. त्या रात्री तिने एकच भाकरी खाल्ली.

काही आठवड्यांनी अहवाल आला. ट्रिप्टामाइनच्या आयसोमरचे एक कृत्रिम साधित रूप. बाबांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे. बन्सीधरराव म्हणतात, आमचीही फसवणूक झाली.

हे लिहितो आहे ते त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी कुणाच्या तरी अर्ध्या राहिलेल्या वेण्या आहेत. तुमचे मेलेले माणूस कोणी पेल्यातून दाखवू लागला, तर आधी तो पेला त्याला प्यायला सांगा. पेल्यात काय आहे, हे विचारण्यात मृताचा अपमान नाही. डोळ्यांना दिसले एवढ्यानेच ते खरे ठरत नाही. डोळे मेंदूचे नोकर आहेत, आणि मेंदूला चिमूटभर भुकटीने विकत घेता येते. घरात कुणाला मनाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता दुसरे काहीही पोटात जाऊ देऊ नका. आणि दुःखी माणसाला सतरंजीवर शेजारी बसवून घ्या. ते काम आपण करत नाही, म्हणून बाबा करतो, आणि त्याची किंमत लावतो.

माय आता गोळ्या वेळेवर घेते. साक्षीचे नाव ती माझ्यासमोर काढत नाही.

काल सकाळी ती अंगणात राघूला पाला टाकत होती. त्याने एकाएकी मान झटकली, कानात पाणी गेल्यासारखी. मायच्या हातातला पाला तसाच राहिला. ती वाकली, त्याचा कान उलटा करून तिने आत पाहिले. बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाली,

"माशी हाय."